पुढच्या वर्षीचं माप

एक्स-रेवाले त्या दिवशी सलग दोन पाळ्या करून घरी आले होते, म्हणून त्यांच्या तोंडून "बघू" निघालं. एरवी ते सरळ "नाही" म्हणत. त्यांची दहा वर्षांची लेक गेले आठ महिने डर्ट बाइक मागत होती आणि ते गेले आठ महिने "नाही" म्हणत होते. पण त्या दिवशी त्यांनी सत्तेचाळीस माणसांची हाडं पाहिली होती. आता "नाही" म्हटलं की लेक "का नाही" विचारणार, मग कारण सांगावं लागणार, या नुसत्या विचारानेच ते दमले. मोजे काढता काढता ते "बघू" म्हणाले आणि आडवे झाले.

त्या घरात "बघू"चा अर्थ "नाही" असाच लावायची पद्धत होती. लेकीने या वेळी तो मराठीच्या पुस्तकाप्रमाणे लावला. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत मुलांना आणि नवशिक्यांना डर्ट बाइक शिकवायचा वर्ग चाले. लेकीने त्याचा फॉर्म कधीचाच आणून ठेवला होता. आई शिलाई मशीनवर वाकलेली असताना तिने तो पुढे सरकवला आणि "बाबा हो म्हणाला" असं सांगितलं. आईने एका हाताने कापड धरून दुसऱ्या हाताने सही केली. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की गाडी आणि सुरक्षेचं साहित्य ज्याचं त्याने आणावं, आणि नेमलेल्या दिवशी कोणी चालवायला हजर नसेल तर जागा रद्द होऊन नाव पुन्हा यादीच्या शेवटी जाईल. यादी सहा महिन्यांची होती.

"तू सही केलीस?" एक्स-रेवाल्यांनी बायकोला विचारलं.

"तुम्ही हो म्हणालात ना?"

"मी बघू म्हणालो."

"मग आता बघा," बायको म्हणाली आणि तोंडातली टाचणी काढून कापडाला लावली.

पुढच्या रविवारी तिघं दुकानात गेली. एक्स-रेवाल्यांनी मनाशी एक ठरवलं होतं. गाडी घ्यायचीच असेल, तर लेकीच्या अंगाचा एकही सांधा उघडा राहता कामा नये. ते दुकानदाराला साहित्याची नावं सांगत नव्हते, हाडं सांगत होते.

"मनगटासाठी काय आहे? मुलं पडताना हात टेकतात. पहिलं मनगट जातं. मग गळपट्टीचं हाड."

"छातीचं कवच आहे साहेब, खांद्यासकट. नी-गार्ड, एल्बो-गार्ड, हातमोजे..."

"आणि घोटा?"

"बूट आहेत. गुडघ्यापर्यंत."

"नडगी पुढून झाकतात ना? नडगीचं फार येतं आमच्याकडे."

शेजारी हेल्मेट बघत असलेलं एक जोडपं हे ऐकून हळूच सायकलींच्या बाजूला गेलं.

दुकानदार माणूस सज्जन होता. त्याने लेकीला खुर्चीवर बसवलं, तिच्या डोक्याचं माप घेतलं आणि एक लाल हेल्मेट तिच्या डोक्यावर चढवलं. गाल दोन्ही बाजूंनी दाबले जाऊन लेकीचं तोंड माशासारखं झालं. "असंच पाहिजे," दुकानदार म्हणाला. "हलवलं तर डोक्याबरोबर हललं पाहिजे. सैल हेल्मेट आणि डोक्यावर ठेवलेलं पातेलं सारखंच."

इथे बायको पुढे आली. ती शाळेचे गणवेश शिवत असे. शहरातल्या तीन शाळांची पोरं तिने शिवलेल्या कपड्यांत दरवर्षी वाढत. मुलांचं अंग आणि कपडा यांच्या शर्यतीत कपडा कधीच जिंकत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने पिशवीतून स्वतःची टेप काढली आणि लेकीचं पाऊल मोजलं.

"हे पाऊल बघा. पाऊल आधी वाढतं, मग उंची. वर्षभरात ही माझ्याएवढी होणार. दोन नंबर मोठं द्या."

"ताई, ह्याला नेमकंच माप लागतं."

"थोडी माया ठेवा हो. शिवणीत नाही का आपण ठेवत? मग पुढे उसवून वाढवता येतं."

"हेल्मेटमध्ये माया नसते ताई," दुकानदार म्हणाला. "उसवता येत नाही ते."

"म्हणूनच म्हणते, आधीच मोठं घ्या."

दुकानदाराने आशेने एक्स-रेवाल्यांकडे पाहिलं. पण ते कोपराच्या गार्डात स्वतःचं कोपर घालून ते टेबलावर आपटून पाहत होते. त्यांचं लक्ष संरक्षण किती जाड आहे याकडे होतं. ते कोणाला बसतंय, हा विषय घरात पहिल्यापासून बायकोकडे होता. मग असं होत गेलं, की नवरा वस्तू निवडायचा आणि बायको तिचा नंबर वाढवायची. हेल्मेट आणि बूट दोन नंबर मोठे, कवच एक नंबर मोठं, हातमोजे बोटांच्या पुढे एकेक पेर रिकामे.

गाडीच्या वेळी दुकानदाराने शेवटचा प्रयत्न केला. त्याने एक बुटकी, बिनगिअरची गाडी पुढे ओढली. "पहिली गाडी अशी असावी. सीटवर बसलं की दोन्ही पाय सपाट जमिनीला. इथे हा स्क्रू आहे, तो पिळला की रेस कितीही दिली तरी गाडी रांगतच जाते. शिकणाऱ्याला ह्याहून जास्त नको."

लेक तिच्यावर बसली. पाय सपाट टेकले. तिने हँडल धरलं आणि आठ महिने मागे पडले असा चेहरा केला.

"आणि ही?" आईने मागच्या उंच गाडीकडे बोट दाखवलं.

"ती चौदा-पंधराच्या मुलांची, नाहीतर लहान चणीच्या मोठ्या माणसांची. स्क्रू हिलाही आहे. पण ताई, पाय टेकणार नाहीत तिचे."

"आज नाही टेकणार," ती म्हणाली.

दुकानदार सकाळपासून उभा होता, त्याचं जेवण राहिलं होतं आणि हे गिऱ्हाईक तीन तास हलत नव्हतं. त्याने पावतीवर लिहिलं, "मोठं माप ग्राहकाच्या आग्रहाखातर. परत घेतलं जाणार नाही." त्याखाली दोघांच्या सह्या घेतल्या आणि तो डबा उघडायला आत गेला.

घरी लेकीला सगळं चढवायला चाळीस मिनिटं लागली. बुटांत तीन जोड मोजे घातले. कवचाच्या पट्ट्यांना आईने मशीनवर चुण्या घेतल्या. हेल्मेटच्या आत कापूस ठासला. शेवटी लेक बैठकीच्या खोलीत मधोमध उभी राहिली आणि आईने "इकडे बघ" म्हटल्यावर तिने मान वळवली. मान वळली. हेल्मेट समोरच बघत राहिलं.

"आतून काहीतरी म्हणतेय ती," एक्स-रेवाले म्हणाले.

"काय म्हणतेय?"

"कापूस आहे मध्ये, कळत नाही."

वर्गाच्या पहिल्या रविवारी टेम्पो करून गाडी खाणीवर नेली. तिथे मातीचे उंचवटे केले होते, वळणांवर जुने टायर रचले होते आणि आठ-दहा मुलं रांगेत उभी होती. प्रशिक्षक बाई पन्नाशीच्या होत्या. मोजकं बोलत. प्रत्येक मुलाचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून त्या गदागदा हलवत आणि पुढे जात. लेकीचं हलवलं, तेव्हा ते पूर्ण फिरून तिच्या कानावर आलं आणि हनुवटीखालून कापसाचा एक बोळा गळून मातीत पडला.

बाईंनी बोळा उचलला. "हे साहित्य कोणाचं?"

"हिचंच," आई म्हणाली.

"कधीचं?"

आईने लेकीच्या हनुवटीखाली लोंबणारा कापूस आत सारला. "पुढच्या वर्षीचं."

"मग पुढच्या वर्षी या."

लेक रडली नाही. तिने हेल्मेट काढलं, केसांतला कापूस वेचला आणि तो मुठीत धरून उभी राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं एक्स-रेवाल्यांना वाटलं. दवाखान्यातही न रडणाऱ्या मुलांचीच त्यांना जास्त धास्ती वाटे. इथे भाड्याने काही मिळतं का, असं त्यांनी विचारलं. लहान मापाची एक गाडी आणि एक संच वर्गाचा होता, पण तो आजचा धरून तीन रविवार दुसऱ्या मुलांना दिलेला होता.

"म्हणजे आज कोणी चालवली नाही तर हिची जागा जाणार?"

"जाणार," बाई म्हणाल्या. "पण फॉर्मवर नाव कुटुंबाचं असतं. घरातलं कोणीही नवशिकं चालेल. वयाची अट नाही."

एक्स-रेवाल्यांनी एक सुस्कारा सोडला आणि हेल्मेट हातात घेतलं. ते कपाळापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. त्यांनी जोर लावला, बाईंनी वरून दाबलं, आणि मग ते काढायला दोघांना मिळून बराच वेळ लागला.

बाईंची नजर बायकोकडे गेली. "ताई, तुमच्या पायाचा नंबर काय?"

"माझा कशाला?"

"आई," लेक म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिने एवढा लहान आवाज काढला होता.

बायको मैदानाकडेच्या शेडमध्ये गेली. बाहेर आली तेव्हा क्षणभर एक्स-रेवाल्यांनी तिला ओळखलंच नाही. बुटात एक मोजा पुरला होता. चुण्या तिने दातांनी दोरा तोडून तिथल्या तिथे उसवल्या होत्या. हेल्मेट गालांना घट्ट लागत होतं आणि बाईंनी हलवलं तेव्हा तीही सोबत हलली. गाडीवर बसल्यावर दोन्ही पाय सपाट टेकले.

पहिल्यांदा ती गाडी जागची हलायच्या आधीच पडली. एक्स-रेवाले टायर ओलांडून धावले.

"मनगट बघू. बोटं हलव. इथे दुखतं का? आणि इथे?"

"अहो, तुम्ही बाजूला व्हा, मला उठायचंय."

दुसऱ्यांदा ती वीस पावलांवर पडली आणि ते पुन्हा धावले. तिसऱ्यांदा ती पडली नव्हती, नुसती वळली होती, तरी ते धावले. प्रशिक्षक बाईंनी त्यांचं कोपर धरून त्यांना कडेला आणून उभं केलं. तेवढ्यात लेक टायरांवर चढली होती. आठ महिने तिने नुसता हट्ट केला नव्हता, वाचलंही होतं.

"आई, चाकाकडे नको बघू. जायचंय तिकडे बघ. कोपरं वर घे."

आईने कोपरं वर घेतली. गाडी फटफटत पहिल्या उंचवट्यावर चढली, पलीकडे नाहीशी झाली, आणि एक्स-रेवाल्यांच्या हिशेबाने फार उशिराने दुसऱ्या बाजूने बाहेर आली. लेकीने मुठीतला कापूस कधी टाकून दिला, ते तिलाही कळलं नाही.

त्याच आठवड्यात बायको एकटीच दुकानात जाऊन आली. लेकीसाठी लाल हेल्मेट, बूट, कवच, सगळं घट्ट आणि नेमकं घेतलं. दुकानदाराने दोनदा विचारून खात्री केली म्हणतात. चौथ्या रविवारी वर्गाची बुटकी गाडी मोकळी झाली आणि लेकही मैदानात उतरली. मोठ्या गाडीचं काय करायचं, हे मात्र घरात कोणी काढलं नाही. बायकोने मशीनजवळच्या खुंटीवर हातमोजे अडकवून ठेवले आणि रविवारी गिऱ्हाईक घेणं बंद केलं.

पाचव्या रविवारी प्रशिक्षक बाई एक्स-रेवाल्यांजवळ आल्या. "साहेब, तुमच्या बायकोचं म्हणणं आहे की तुमचा चेहरा दिसला की तिचा ब्रेक लागतो."

"आणि मुलगी?"

"मुलगीही तेच म्हणाली. शेडच्या मागे बसता का जरा?"

ते शेडमागे गेले. तिथे एक लांब बाक होता आणि त्यावर दोन बाप, एक आजोबा आणि एक जाडजूड बाई अशी चौघं मैदानाकडे पाठ करून बसली होती. एक्स-रेवाले उभेच राहिले आणि मागे वळून पाहू लागले.

"बघायचं नाही," जाडजूड बाई म्हणाल्या. "नुसतं ऐकायचं. आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक आहे."

शेडपलीकडे दोन गाड्या फटफटत होत्या, एक बारीक आवाजाची, एक भरदार. थोड्या वेळाने भरदार आवाज एकदम बंद पडला. बाकावरच्या चौघांनी मांड्यांवरचे हात घट्ट धरले. आजोबांनी डोळे मिटले. एक्स-रेवाल्यांना मनगट, गळपट्टी, नडगी असं सगळं क्रमाने आठवून झालं. मग इंजिन खोकलं, पुन्हा सुरू झालं आणि लांब जाऊ लागलं.

"कोण होतं?" जाडजूड बाईंनी हळूच विचारलं.

"बायको," एक्स-रेवाले म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, शेजारच्या बापाला कोपराने सरकवलं आणि त्यांना बाकावर मधोमध जागा करून दिली.