माझी ट्रान्सफर केस

मला गाड्यांमधलं कळतं! हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मध्ये तोंड घालणार नाही. आमच्या ऑफिसात, नात्यात, झालंच तर अख्ख्या गल्लीत गाड्यांमधलं कळणारा मी एकटा आहे आणि या लोकांना त्याची काडीची किंमत नाही! मी इंजिनाबद्दल बोलायला लागलो की बायकोला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं आणि मेहुण्याला फोन येतो, तोही न वाजलेला! कोणी ऐकत नाही. ऐकलं असतं तर पुढचं महाभारत घडलंच नसतं.

माझा बेत साधा होता. एक मोठ्यातली मोठी व्हॅन घ्यायची, तिच्यात राहण्या-झोपण्याची सोय करायची, तिची चारही चाकं ओढतील अशी करून घ्यायची आणि लांबलचक रजा टाकून डोंगरापलीकडच्या त्या पठारावर जायचं. तिथे रस्ताच नाही! नुसते दगड, चिखल आणि अंगावर येणारा चढ. नोकरीला लागल्यापासून मी ते पठार नकाशात बघत आलो होतो. त्या एका रजेसाठी साहेबांच्या किती विनोदांना हसलो, ते माझं मला ठाऊक! शेवटी रजा मंजूर झाली आणि मी कामाला लागलो.

"जावईबापू, सरळ जीप घ्या की!" मेहुणा म्हणाला. हा बायकोचा थोरला भाऊ. याला सायकलची चेन बसवता येत नाही!

"आणि झोपायचं कुठे? बॉनेटवर?"

व्हॅन निवडण्याची माझी कसोटी एकच होती. आत उभं राहून पँट घालता आली पाहिजे! ज्याने वाकून, कुबड काढून, एका पायावर उड्या मारत गाडीत पँट घातली आहे, त्यालाच हे कळेल. मी प्रत्येक व्हॅनमध्ये शिरायचो, दार लावायचो, पँट काढायचो आणि पुन्हा घालायचो. तिसऱ्या दुकानात विक्रेत्याने बाहेरून काच ठोठावली.

"साहेब, नक्की काय करताय?"

"गाडी बघतोय!"

त्याने बहुधा लवकर कटकट जावी म्हणूनच ती व्हॅन मला बऱ्या भावात दिली. उंच टप, लांब पोट, सरकतं दार. मागे पलंग केला, खाली पाण्याची टाकी, बाजूला शेगडी आणि भांडी खडखडणार नाहीत असे कप्पे. राहिली फक्त पुढची चाकं! ती नुसती फिरत होती, ओढत नव्हती. फुकट खाऊन हिंडणारी, आमच्या मेहुण्यासारखी.

त्यासाठी मी 'डायरेक्टर'ला गाठलं. हा गॅरेजवाला. स्वतः पान्याला हात लावत नाही, स्टुलावर बसून पोरांना नुसता सांगतो, "हे धर, ते सोड, पुन्हा कर!" म्हणून सगळे त्याला डायरेक्टर म्हणतात. तो स्वतःलासुद्धा तेच म्हणतो! मीही फोनमध्ये त्याचं नाव तसंच ठेवलं होतं.

"गाडीला ट्रान्सफर केस लागेल," तो म्हणाला.

ट्रान्सफर केस म्हणजे एक लोखंडी पेटी. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते. हे मी घरी जेवताना नीट समजावून सांगितलं होतं. चमचे, वाट्या मांडून सांगितलं होतं! बायको 'हं, हं' करत होती. आता म्हणते, मला वाटलं तुम्ही आमटी मागताय!

तर एके दिवशी मी फोन घरी विसरलो आणि ऑफिसच्या कामाला पंपहाऊसवर गेलो. इकडे फोन वाजला. बायकोच्या शाळेला सुट्टी लागलेली, त्यामुळे ती घरीच. फोनवर नाव आलं, डायरेक्टर. आता आमच्या खात्याचे सर्वांत मोठे साहेब, ज्यांचं नाव काढलं तरी आमचे साहेब उभे राहतात, तेसुद्धा डायरेक्टरच! तिने पदर सावरून फोन घेतला.

"डायरेक्टर बोलतोय. साहेब नाहीत? त्यांना सांगा, ट्रान्सफर केस आली."

"अगंबाई! कुणी मागितली होती?"

"त्यांनीच की मॅडम! महिनाभर माझ्या मागे लागले होते. कसंही करा, पण आणाच म्हणून."

"आणि आता कुठे टाकणार?"

"खाली! आहे त्यापेक्षा बरंच खाली बसवावं लागेल. आता माघार नाही म्हणावं!"

झालं! नवऱ्याने स्वतः मागून बदली घेतली आणि तीसुद्धा खालच्या जागेवर! बायकोने चपला घातल्या, माझा फोन हातात घेतला आणि तडक आमचं ऑफिस गाठलं. साहेबांच्या केबिनमध्ये ती जे बोलली ते म्हणे जिन्यापर्यंत ऐकू आलं. साहेब उडालेच. आपल्या हाताखालचा माणूस आपल्या डोक्यावरून डायरेक्टरकडे जातो आणि डायरेक्टर आपल्याला न विचारता त्याची बदली करतात? त्यांनी रागाच्या भरात खऱ्या डायरेक्टरांना फोन लावला. "माझ्या ऑफिसात असली ढवळाढवळ मी चालवून घेणार नाही!" असं खऱ्याखुऱ्या डायरेक्टरांना ते ओरडून म्हणाले आणि फोन आपटला.

एवढं सगळं होऊन गेल्यावर मी, बिचारा, पंपहाऊसवरून परत आलो. बघतो तो माझी खिडकीजवळची खुर्ची गायब! कॅशियर तीत बसून झुलत होता.

"उठा!"

"रागावू नका हो. तुम्ही चाललातच ना आता? तुमची ट्रान्सफर केस आली म्हणे!"

"आली?" मला आनंदाने काही सुचेना. "खरंच आली? शेवटी आली!" मी कॅशियरला मिठी मारली. टेबलावर थाप मारली. तेवढ्यात केबिनचं दार उघडून साहेब बाहेर आले आणि त्यांच्यामागे माझी बायको. ती इथे कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी हवेत होतो!

"म्हणजे तुम्हीच मागितली होती?" साहेबांनी विचारलं.

"मग काय साहेब! महिनाभर हात जोडत होतो. म्हटलं, जुनी चालेल, लांबची चालेल, पण इथली नको!"

"इथलं काय वाईट आहे?"

"इथल्यांत दम नसतो हो! वरून तेल-पाणी करून चकचकीत, उघडून बघावं तर सगळे दात झिजलेले!"

साहेबांनी नुकतीच कवळी बसवली होती. त्यांचा हात तोंडावर गेला.

"आणि माझं काय?" बायकोने विचारलं.

"तू कशाला काळजी करतेस? तुझ्यासाठी मागे गादी केलीय ना!"

आमची बायको रडणाऱ्यांतली नाही. पण तिचे डोळे भरून आले आणि माझं विमान धाडकन खाली आलं.

"जिथे जिथे तुमची बदली झाली, तिथे तिथे मी माझी नोकरी सोडून आले," ती म्हणाली. "दर वेळी नवी शाळा, दर वेळी सगळ्यांत खालची जागा. यंदा कुठे मुख्याध्यापिका झाले. दारावर माझ्या नावाची पाटी लागली. एका शब्दाने विचारलं असतंत तरी चाललं असतं!"

सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. कॅशियर तर असा, की मी त्याचंच घर मोडलंय!

"अगं, कसली बदली? कोणाची?"

"तुमची! डायरेक्टरांचा फोन होता!"

तेवढ्यात तिच्या हातातला माझा फोन वाजला. डायरेक्टर! साहेबांनी झडप घालून तो घेतला आणि स्पीकर लावला.

"साहेब, ती ट्रान्सफर केस गळतेय! सील बदलू का? आणि पोरं चहाला गेलीत, गाडी आज मिळणार नाही!"

बायको डोळे पुसता पुसता हसायला लागली. मग कॅशियर हसला, मग सगळेच. साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांना आपण मघाशी केलेला फोन आठवला होता.

पुढच्याच आठवड्यात हुकूम आला. बदली झाली होती, पण साहेबांची! आणि त्यांच्या जागेचा चार्ज, पुढचा आदेश येईपर्यंत, माझ्याकडे. खाली एक ओळ होती, या काळात रजा मिळणार नाही. मी तो कागद वाचून जे शब्द उच्चारले ते इथे लिहिता येत नाहीत! आयुष्यभर ज्या एका रजेसाठी जीव टाकला ती गेली, का, तर दोन माणसांना डायरेक्टर म्हणतात!

"मग गाडी काय नुसती उभी ठेवायची?" बायको म्हणाली. "माझी सुट्टी आहे. मी आणि दादा जाऊन येतो."

दादा म्हणजे मेहुणा! माझ्या पलंगावर! गाडी ती माझ्यापेक्षा चांगली चालवते असं सगळे म्हणतात, मला ते मान्य नाही. तरी निघताना मी खिडकीला लटकून सगळं समजावलं. मोठा दांडा गिअरचा, छोटा दांडा चारही चाकांचा, चढ आला की छोटा पुढे ढकल. ती 'हं, हं' करत होती. मेहुणा मागे पाय पसरून पडला होता. गेले!

परवा दुपारी मी साहेबांच्या खुर्चीत बसून सह्या करत होतो, तेव्हा तिचा फोन आला.

"अहो, पोचलो! काय सुंदर आहे हो हे पठार!"

मी सही अर्धवट टाकून उभाच राहिलो. जळत होतो, पण अभिमानही वाटत होता. शेवटी गाडी कोणी तयार केली?

"चढली? तो चढ चढली? छोटा दांडा पुढे ढकललास ना?"

"छोटा दांडा? तो होय! त्याच्यावर दादाने टॉवेल वाळत घातलाय."

"मग चढ? दगड? चिखल?"

"कसला चिखल? गेल्या वर्षीच वरपर्यंत डांबरी रस्ता झालाय! अहो, एक आजी-आजोबा स्कूटरवरून आमच्या पुढे निघून गेले!"

मी म्हटलं, आवाज तुटतोय, काही ऐकू येत नाही, आणि फोन ठेवला. आता तुमच्यापासून काय लपवायचं? आवाज अगदी स्वच्छ येत होता. मागे स्कूटरचा हॉर्नसुद्धा ऐकू येत होता!