जावयाचा उलटा डायोड

फ्रिस्कोतल्या गॅरेजमध्ये वीणाचा कढीपत्ता गारठला, त्याला कारण झाला तांदळाच्या दाण्याएवढा एक डायोड. आणि दोन माणसांचा मुलखावेगळा सभ्यपणा.

वीणा जाऊन दहा महिने झाले होते. तिनं बी लावून वाढवलेलं ते झाड आता प्रल्हादच्या खांद्याला लागत होतं. दहा महिन्यांत नवऱ्यानं त्याचं एक पान तोडलं नव्हतं. वरणाला फोडणी द्यायचंच सोडून दिलं होतं. बायको राहिली नाही, निदान तिचं झाड तरी जगलं पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट. थंडीची लाट येणार म्हटल्यावर त्यानं हौसेनं एक सर्किट जुळवलं. गॅरेज गार झालं की रिले, म्हणजे विजेवर चालणारं बटण, खट्‌कन लागणार आणि झाडावरचा ऊब देणारा दिवा पेटणार. रिले बंद होताना त्याची कॉइल उलटा झटका मारते, तो झटका पोटात घ्यायला तिच्यावर एक डायोड, वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा, मुद्दाम उलटा जोडलेला.

नेमका तोच सासऱ्यांच्या नजरेत भरला. हेमचंद्र नागपूरहून हिवाळ्यापुरते आले होते. वीज खात्यात जन्म गेलेला माणूस! डायोडची पट्टी प्लसकडे पाहून ते चरकलेच. पण जावयाची चूक काढायची कशी? बावीस वर्षं ते त्याला 'प्रल्हादराव' आणि 'तुम्ही' म्हणत आले होते. जावई ऑफिसला गेल्यावर त्यांनी गुपचूप सोल्डरिंग आयर्न तापवलं, चष्मा पुसला आणि डायोड सुलटा करून टाकला. गॅरेज तेव्हा उबदार होतं, रिले लागायचा प्रश्नच नव्हता. झालं! कुणाला काही कळलं नाही.

रात्री थंडीची लाट आली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रल्हादनं गॅरेजचं दार उघडलं तर जळका वास. रिले चालवणारा ट्रान्झिस्टर काळाठिक्कर, दिवा थंड आणि कढीपत्त्यानं मान टाकलेली.

"बाबा, या सर्किटला कुणी हात लावला होता का?"

"नाही... म्हणजे, हो. तुमचा डायोड उलटा लागला होता नं, प्रल्हादराव. मी सुलटा केला."

"तो उलटाच लावायचा असतो, बाबा!"

"उलटाच?"

"सुलटा लावला की सगळा करंट त्याच्यातूनच पळतो. ट्रान्झिस्टर खलास."

"मग तसं लिहून ठेवायचं नं तुम्ही."

"अहो, मला विचारायचं तरी!"

"जावयाला कसं विचारायचं?"

प्रल्हादच्या ओठांवर भलतंच काहीतरी आलं होतं. पण सासऱ्यांना बोलणार कसं? तो म्हणाला, "असू द्या. चहा टाकू?"

हेमचंद्र कुंडीपाशी मटकन बसले. "पोरीचं एवढं एक झाड होतं, तेही मी मारलं," म्हणाले आणि पंचा तोंडाला लावून हमसून हमसून रडले. प्रल्हादला त्यांचा राग आला होता, आणि आता त्या रागाचं काय करावं तेच त्याला कळेना.

भिंतीकडच्या दोन फांद्या तेवढ्या अजून हिरव्या होत्या.

"यांचाही काही भरवसा नाही," हेमचंद्र डोळे पुसत म्हणाले. "तोडू का? तिला वाया गेलेलं चालायचं नाही."

प्रल्हादनं होकाराची मान डोलावली. वरण शिजलं, तेल तापलं, मोहरी तडतडली. पानं पडली तशी चर्र झालं आणि दहा महिन्यांनी त्या घराला घराचा वास आला. त्याबरोबर छताचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला. पूर्वी फोडणी पडली की तो असाच बोंबलायचा, आणि वीणा टॉवेल घेऊन स्टुलावर चढायची.

"अगं वीणा, टॉवेल!" प्रल्हाद सवयीनं ओरडला.

अलार्म ठणाणा करतच राहिला. हातात पळी घेऊन प्रल्हाद होता तिथंच उभा राहिला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. हेमचंद्रांनी खांद्यावरचा पंचा काढला, दुसऱ्या हातानं स्टूल पुढे ओढलं.

"अरे, रडू नको रे बाळा. तू वरणाकडे बघ. वारा मी घालतो."