मालक : सासूबाई

यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणणाऱ्या अनुवादकाच्या खुर्चीमागे दिवसभर त्याच्या सासूबाई बसत. "हे काय लिहिलंत? ते का खोडलंत?" माणूस किती सोसणार? पंपाच्या जागी पाना लिहून झाल्यावर त्याने शक्कल काढली. सासूबाईंनी सकाळी कॉम्प्युटरवर पत्ते खेळावेत, दुपारी डोळे थकले की झोपावं आणि आपण निवांत काम करावं.

कॉम्प्युटरवर तो चालवणाऱ्या दोन लिनक्स प्रणाली आधीच नांदत होत्या, एक त्याची, एक बायकोची. पत्त्यांसाठी त्याने तिसरी आणली आणि मोठ्या मानाने पहिलं खातं सासूबाईंचं उघडलं, दुसरं स्वतःचं. फायली मात्र सगळ्यांच्या एकाच सामायिक डिस्कवर, म्हणजे कुठल्याही लिनक्समध्ये शिरलं तरी आपलं सामान हाताशी.

"आई, पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. मलासुद्धा नाही," असं त्यानेच वर बजावलं.

दुसऱ्या दिवशी पाचच्या आत पुस्तिका प्रकाशकाकडे जायची होती, नाहीतर पुढचं सगळं काम दुसऱ्याच्या घशात. त्याने कॉम्प्युटर लावला तर नव्या लिनक्सने दोन्ही जुन्यांना दारातूनच हाकललेलं. सुरू होताना त्यांचं नावसुद्धा दिसेना. असू दे म्हणत तो नवीत शिरला आणि पुस्तिकेवर बोट दाबलं.

"परवानगी नाही. मालक : सासूबाई."

त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. बाजूची फाईल, मालक सासूबाई. लग्नाचे फोटो, मालक सासूबाई. म्हातारीने एका सकाळीत घर गिळलं होतं!

"आई, सकाळी पत्तेच खेळलात ना?"

"मग काय दरोडा घातला?" सासूबाई ताडकन उठून बसल्या.

"नाही, पण माझ्या फायली तुमच्या नावावर कशा?"

"ऐकलंस गं?" त्यांनी लेकीला हाक मारली. "तुझा नवरा मला चोर म्हणतोय!"

बायको आली. तिने चष्मा सरकवत पडदा पाहिला. "अहो, या डब्याला नावं कुठे कळतात? तो माणसं नंबराने ओळखतो. जुनीत पहिला नंबर तुमचा होता. इथे पहिला कोणाला दिलात?"

अनुवादकाने जीभ चावली. पहिल्या नंबराकडे नुसती मालकी नव्हती, सगळ्या किल्ल्याही होत्या. सासूबाईंच्या पासवर्डाशिवाय आता पान हलणार नव्हतं.

"आई, पासवर्ड सांगता?"

"वा! मला पारखून बघताय होय? तुम्हालासुद्धा सांगायचा नाही, असं कोण म्हणालं होतं?"

"ते कालचं."

"शब्द म्हणजे शब्द. तोंड फिरवा तिकडे!"

त्याने भिंतीकडे तोंड केलं. सासूबाईंनी पदराआड एकेक अक्षर टिपलं, मध्येच वळून तो चोरून बघत नाही ना, याची खात्री केली. दार उघडताच अनुवादकाने घाईघाईत डिस्कवरचं होतं नव्हतं ते सगळं एका हुकमात स्वतःच्या नावावर केलं. पुन्हा ही कटकट नको! पाचाला पाच कमी असताना पुस्तिका गेली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

सकाळी सासूबाईंची हाक आली. "जावईबापू, माझा अर्धा राहिलेला डाव उघडत नाही. मालक कोण म्हणे, तर तुम्ही!"

सामायिक डिस्कवर पत्तेही होते, हे तो साफ विसरला होता.

"एका मिनिटात परत करतो. तुम्ही फक्त पासवर्ड टाका."

"छे छे! मालकांच्या वस्तूला हात लावणारी मी कोण? काल चोर म्हणालात, आज दरोडेखोर म्हणाल."

"आई, चुकलं माझं. पाया पडतो."

"राहू द्या. नाहीतरी डोळ्यांना त्रासच होतो त्या पत्त्यांनी."

दुपारी अनुवादकाने नवी पुस्तिका उघडली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाई अगदी ताज्यातवान्या दिसत होत्या.

"हं," त्या म्हणाल्या, "हे काय लिहिलंत?"