गंभीर गटातलं एक मूल

आपत्ती कितीही मोठी असली, तरी तिची रीतसर मोजणी होईपर्यंत ती अफवाच असते. म्हणून आधी मोजणी.

कुरखेड्यापासून अठरा किलोमीटरवरच्या मोहटोला गावात मागच्या पावसाळ्यात नाला शिरला, तेव्हा घरं एकतीस होती. पाणी ओसरल्यावर चोवीस उरली. शेळ्या वाहून गेल्या त्रेचाळीस, माणसं शून्य. मुलं आधी सत्तावीस होती, नंतरही सत्तावीसच. पाच महिन्यांनी, जानेवारीत, त्याच गावाच्या समाजमंदिरात पुढील वस्तू आणि व्यक्ती होत्या: खुर्च्या पन्नास (पैकी चार पाय असलेल्या सेहेचाळीस), प्रोजेक्टर एक, त्याला लागणारी वीज दिवसातून तीन तास, पाण्याच्या बाटल्यांची खोकी बावीस, ‘आपत्तीपश्चात बालक व कुटुंब मनःस्वास्थ्य संशोधक प्रशिक्षण’ असा फलक एक, प्रशिक्षणार्थी चोवीस आणि तज्ज्ञ तीन. म्हणजे दर मुलामागे बरोबर एक अभ्यासक. मोहटोल्याच्या मुलांकडे इतकं बारीक लक्ष याआधी फक्त डासांनी दिलं होतं.

सतरा नंबरची प्रशिक्षणार्थी मयुरी मूळची चिमूरची. नागपुरातून सांख्यिकीत एम.एस्सी. झालेली, वय तेवीस. आकडा चुकला की तिचं पोट दुखायचं. पहिल्याच दिवशी तिने खुर्च्यांचे पाय मोजले ते याच सवयीने.

प्रशिक्षणाचा कणा म्हणजे मनःक्लेश मोजपट्टी. प्रश्न वीस, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. साठाच्या वर गेलं की मूल गंभीर. ही मोजपट्टी एका समुद्रकाठच्या देशात जन्माला आली आणि तिथून ती जगभर फिरली, त्यामुळे तिच्यात फेरफार करण्याची कुणाची छाती नव्हती. बारावा प्रश्न होता, ‘तू समुद्रकिनारी जाणं किती वेळा टाळतोस / टाळतेस?’ मोहटोल्यातलं कुठलंच मूल समुद्रकिनारी कधीच गेलेलं नसल्यामुळे सत्तावीसच्या सत्तावीस मुलांना चार गुण मिळाले. (गोंडवनातल्या बालकांमध्ये समुद्राची तीव्र भीती आढळते, ही नोंद त्यावरूनच झाली. तिच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रस्तावित आहे.)

बाकी प्रश्नांचे गुण मिळवून वर्गवारी झाली: सौम्य एकोणीस, मध्यम सात, गंभीर एक.

ते एक मूल म्हणजे सोमारीची दिव्या. वय आठ. पूर आला त्या वेळी सोमारीने लेकीला अंगणातल्या मांडवावर, म्हणजे तणस (भाताचा पेंढा) ठेवायच्या लाकडी माच्यावर चढवलं. दोन दिवस मायलेकी तिथे होत्या. पाणी उतरलं, सोमारी उतरली, दिव्या उतरली नाही. ती जेवायची तिथेच, वेणी घालायची तिथेच. अगदीच गरज पडली की आई तिला पाठीवर घेऊन उतरवायची, आणि तेव्हाही पोरगी पाय पोटाशी घ्यायची. पाच महिन्यांत तिचं पाऊल जमिनीला लागलं नव्हतं. शाळेतून दोन निरोप येऊन गेले होते. धान कापून नवी तणस आली, ती खालीच रचावी लागली. सोमारीला एकच गोष्ट हवी होती: पोरगी खाली यावी.

आता नियम असा की प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने एक सौम्य, एक मध्यम आणि एक गंभीर मूल हाताळलंच पाहिजे. गाडी जाईल अशा गावांत गंभीर मूल हे एकच होतं. (गाडी न जाणाऱ्या गावांत किती आहेत हे माहीत नाही, कारण गाडी जात नाही.) म्हणून चोवीस जणांनी दिव्यालाच हाताळायचं ठरलं. मुलीच्या मनावर ताण येऊ नये म्हणून दिवसाला दोघेच, असं मुख्य तज्ज्ञ दीपिका मॅडमनी ठरवून दिलं. त्या स्वतः फार हळव्या होत्या. माहितीपुस्तिकेतला ‘बालकाचा सन्मान’ हा पाठ त्यांनीच लिहिला होता.

नवव्या दिवशी मयुरीचा नंबर आला. ती शिडी चढून वर गेली. सुरुवातीची वर्गवारी धरून ही दिव्याची अठरावी मुलाखत.

“नाव सांगू नका,” दिव्या म्हणाली. “सतरा नंबर न तुम्ही? लिहा. एकले चार, दोनले चार, तीनले तीन.”

“मला आधी प्रश्न विचारावा लागतो.”

“काऊन?”

याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. मयुरीने प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्न अर्ध्यावर असताना दिव्या उत्तर देई. सातवा प्रश्न होता, उंच जागेची भीती वाटते का. “शून्य,” दिव्या म्हणाली. “तेवढंच चांगलं आहे माह्यात. कालच्या सरनं सांगतलं.”

खाली सोमारी सुपात धान पाखडत उभी होती. “झालं का, मॅडम?”

“झालं, बाई.”

“तुम्ही वीसक जण चढले या शिडीनं. दोन पायऱ्या बदलल्या मी. चढते तो इचारूनच उतरते. तुमच्यातल्या एकाले तरी हिले खाली आणता येते का नाई, तेवढं सांगा.”

फॉर्मच्या चौदाव्या पानावर ‘उत्तरदात्यांचे प्रश्न (असल्यास)’ असा रकाना होता. त्याची लांबी मयुरीने मोजली. चार सेंटिमीटर. सोमारीचा प्रश्न त्यात मावला नाही, म्हणून तिने तो समासात लिहिला. समासात लिहिल्याबद्दल तिचा अर्धा गुण गेला.

संध्याकाळच्या सत्रात तिने हात वर केला. “मॅडम, त्या मुलीला मदत कोण करणार?”

दीपिका मॅडमनी मान डोलावली. प्रश्न त्यांना आवडला होता. “मदत हा तिसरा टप्पा, मयुरी. तो पुढच्या वर्षी. आणि आत्ता ती खाली आली तर एकोणीस ते चोवीस नंबर कुणावर शिकतील? संशोधकानं सगळ्यांचा विचार करायचा असतो.”

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं: सगळ्यांचा विचार.

जेवणाच्या रांगेत मयुरीने आणखी एक गोष्ट मोजली. सोमारी म्हणाली होती की ती तालुक्याच्या दवाखान्यात दोनदा जाऊन आली, पण मन समजून घेणाऱ्या सरांच्या दारावर ‘प्रशिक्षणास गेले आहेत’ अशी पाटी होती. मयुरीने हजेरीपटावर बोट फिरवलं. नऊ नंबर: प्रफुल, समुपदेशक, तालुक्याचा दवाखाना. तो तिच्याच पुढे, हातात ताट घेऊन उभा होता.

“भाऊ, ते सर तुम्हीच?”

“मीच.”

“दिव्याला भेटलात?”

“भेटलो न. पाचव्या दिवशी. वीस प्रश्न इचारले.”

“आणि दवाखान्यात असता तर?”

प्रफुलने वरण वाढून घेतलं. “तर पहिल्याच दिवशी गाडी काढून आलो असतो. तेच काम आहे माझं. पण इथी मी प्रशिक्षणार्थी आहे, मॅडम. मांडवावर बसून समजावत बसलो तर माझी मुलाखत बाद होते. बाद झाली तर पुन्हा प्रशिक्षण. मग पाटी आणखी बारा दिवस.”

त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं. मयुरीने ते वहीत समीकरणासारखं मांडलं. प्रफुल मोकळा होणार प्रशिक्षण संपल्यावर. प्रशिक्षण संपणार सहा जणांनी गंभीर मूल हाताळल्यावर. गंभीर मूल एक, दिवसाला दोन. म्हणजे दिव्याला अजून तीन दिवस गंभीर राहणं भाग होतं. आणि शेवटच्या दिवशी दीपिका मॅडम पुढच्या तुकडीची घोषणा करणार होत्या. त्या तुकडीतही चोवीस जण.

हे तिने सोमारीला सांगितलं. सोमारीने ते गावच्या वडीलधाऱ्या लटारूभाऊंना सांगितलं. लटारूभाऊंनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि मयुरीला विचारलं, “म्हणजे तुमाले सहा पोट्टे पायजे?”

“गंभीर पाहिजेत, भाऊ.”

“हे पाहा, ढोरं चारायची आमच्यात पाळी असते. आज याच्या घरचा गडी, उद्या त्याच्या घरचा. एकाच घरानं रोज ढोरं नेली तर ते घर मरते. ही पोरगी पाच महिन्यांपासून एकटीच पाळी देऊन राह्यली. आता दुसऱ्यायची.”

मयुरीने पुस्तिका चाळली. पान बत्तीसवर स्पष्ट म्हटलं होतं की भीतीची लक्षणं काही मुलांत उशिरा, अचानक आणि एकाच वेळी दिसू शकतात. हरकत घ्यायला जागाच नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी मोहटोल्यातल्या आणखी सहा मांडवांवर सहा मुलं बसलेली आढळली. नऊ दिवस शिडीखाली उभं राहून ऐकल्यामुळे त्यांची तयारी उत्तम होती. दीपिका मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं एकवटलेलं दुःख त्यांनी आजवर फक्त आलेखात पाहिलं होतं. सहाही प्रशिक्षणार्थी एकाच वेळी शिड्यांकडे धावले.

अडचण आली ती अंकुशची. वय नऊ, दिव्याच्या समोरचा मांडव. तो खुशाल पाय लटकवून बोरं खात बसला होता आणि त्याचा प्रशिक्षणार्थी अजून शिडी शोधत होता.

“अंकुश, पाय वर घे,” दिव्या आपल्या मांडवावरून म्हणाली.

“काऊन?”

“भेव लागलेलं पोट्टं पाय लटकवते का कधी? खाली पाणी आहे असं समज.”

“तू मोठी शाहनी. माही पाळी आहे आज.”

“पाळी आहे त नीट दे न. पकडले जाशीन, मग मले बसा लागन. थांब, मी येऊन राह्यली.”

आणि ती शिडी उतरली. गल्ली ओलांडली, खांबाला धरून अंकुशच्या मांडवावर चढली, त्याचे पाय धरून वर घेतले, गुडघे हनुवटीला लावले, नजर कुठे ठेवायची ते दाखवलं. पाच महिन्यांचा अनुभव होता. अंकुशने तिला दोन बोरं दिली. मग ती उतरून शेजारच्या मांडवाकडे गेली, कारण तिथला पोरगा हसत होता.

सोमारी सूप धरून जागीच थांबली. हाक मारली तर पोरगी थांबेल, म्हणून तिने हाक मारली नाही. धान सांडलं, ते तिने उचललं नाही.

ही घटना कुणीही नोंदवली नाही, कारण नोंदवणारे शिड्यांवर होते किंवा शिडी शोधत होते. मयुरीने फक्त पावलं मोजली. तिच्या मांडवापासून त्या हसणाऱ्या पोरापर्यंत बासष्ट.

दुपारी तीनपर्यंत सहाही मुलाखती पुऱ्या झाल्या. पाच वाजता प्रमाणपत्रं वाटली गेली. पाच वाजून दहा मिनिटांनी, आता प्रशिक्षणार्थी नसलेला प्रफुल सोमारीच्या अंगणात आला, गल्लीत खेळणाऱ्या दिव्याशी चाळीस मिनिटं बोलला, सोमवारपासून शाळेत पाठवा म्हणाला, दर गुरुवारी येईन म्हणाला. दोन गुरुवार तो आला. तिसऱ्या गुरुवारआधी त्याची पुढच्या तुकडीसाठी तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली आणि पाटी पुन्हा लागली.

अंतिम पडताळणीत दिव्याचं नाव ‘उत्तरदाती ठरलेल्या जागी आढळली नाही’ या कारणाने वगळण्यात आलं. उरलेल्या सव्वीस मुलांत गंभीर सहा. म्हणजे दहा दिवसांत, पाण्याचा एक थेंब न वाढता, गंभीर मुलं सहापट. एवढ्या मोठ्या समस्येला चोवीस संशोधक अपुरे आहेत, असा निष्कर्ष निघाला आणि दोनशे चाळीस जणांच्या प्रशिक्षणाला मंजुरी मिळाली.

अहवालात मोहटोल्याची गोष्ट एका चौकटीत द्यायची ठरली. मजकूर दोन तयार होते. पहिल्यात आठ वर्षांची एक मुलगी पाच महिने मांडवावर बसून आहे. दुसऱ्यात तीच मुलगी खाली उतरते, शाळेत जाते, बोरं खाते. कुठला छापावा हे शास्त्रीय पद्धतीने ठरावं म्हणून मयुरीकडे काम आलं. तिने मराठी पुस्तकं आवडीने वाचणाऱ्या, संवेदनशील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चारशे वाचकांची यादी केली, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले आणि प्रत्येक गटाला एकेक मजकूर दिला.

पहिला मजकूर शेवटपर्यंत वाचणारे: दोनशेपैकी एकशे ब्याऐंशी.

दुसरा: दोनशेपैकी सेहेचाळीस.