मास्तरीण आणि मास्तरिणीने

“कादंबरीला लागतं काय? उन्हाळा, समुद्र आणि चार बायकांच्या जिभा! पंधरा दिवसांत हातावेगळी करते, बघाच तुम्ही!”

दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवालीने ही घोषणा केली तेव्हा समोर तीन पेशंट सुजलेले गाल धरून बसले होते. त्यामुळे विरोध कोणीच केला नाही.

आणि पठ्ठीने लिहिली की! विषय काय, तर चहाड्या, आणि चहाड्यांनी मैत्रीची कशी माती होते ते. नीतीचा नुसता उमाळा! पण नीती सांगायची तर उदाहरण लागतं, आणि उदाहरण म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर मास्तरीणच! मास्तरीण म्हणजे तिची बावीस वर्षांची मैत्रीण. शाळेत भाषा शिकवते. तिसरी लॅबवाली, लोकांचं रक्त तपासणारी. दर उन्हाळ्यात चार दिवस तिघींनी समुद्रावर खोली घ्यायची आणि हजर नसलेल्या जगाची सालं काढायची, हा नेम. तिघींतली एक अंघोळीला गेली की तिचीही सालं निघायची. चहाडीला कुठे नातं कळतं!

हा बावीस वर्षांचा साठा रिसेप्शनवालीने कागदावर ओतला. लिहिताना मैत्रिणींची नेहमीचीच नावं पडली. शेवटी भानावर येऊन तिने दवाखान्याच्या कॉम्प्युटरला हुकूम सोडला: ‘लॅबवाली’ शोध, ‘फुलवाली’ घाल. ‘मास्तरीण’ शोध, ‘नर्स’ घाल. मशीनने क्षणात काम फत्ते केलं. तिने न वाचता तीन प्रती छापल्या, स्पायरल लावून घेतलं आणि थेट समुद्रावर नेल्या. मैत्रिणींना भेट!

पहिल्याच दुपारी छत्रीखाली तिघी आडव्या झाल्या. प्रत्येकीच्या हातात एकेक प्रत. रिसेप्शनवालीने कौतुकाने तिसरं पान उघडलं.

‘नर्स आली. नर्स खुर्चीत बसली. मास्तरिणीने सगळ्यांच्या ताटांत डोकावून पाहिलं.’

तिने ओळ पुन्हा वाचली: नर्स ठीक, पण ही मास्तरीण अजून इथे कशी?

झालं होतं असं. ‘मास्तरीण’मधली री दीर्घ. पण तिला ‘ने’ लागो, ‘ला’ लागो, ‘चं’ लागो, ती ऱ्हस्व होऊन बसते: मास्तरिणीने, मास्तरिणीला, मास्तरिणीचं. त्या ठोंब्या मशीनला काय कळणार! बाई नुसती आली, बसली, झोपली, तिथे नर्स. बाईने काहीही केलं, तिथे मास्तरीण जशीच्या तशी, उघडीबोडकी!

तिने भराभर पानं उलटली. पान नऊ: ‘मास्तरिणीला कोणाचं बरं झालेलं बघवत नाही.’ पान चौदा: ‘मास्तरिणीचं वय गेली सात वर्षं बेचाळीसच आहे.’ पान एकवीस: ‘मास्तरिणीने शपथ घेऊन गुपित ऐकलं आणि संध्याकाळच्या आत पाच घरी पोचवलं.’

मास्तरीण पान सहावर होती.

“अगं, मीट ते! उन्हात वाचून डोळे जातील!”

“थांब गं, आत्ता कुठे रंग चढतोय.”

“मग जरा पाण्यात तरी चल!”

“ही एवढी का घाबरलीय?” लॅबवाली उठून बसली. “पुढे नक्की काहीतरी चावट आहे! मोठ्याने वाचू का?”

“नको!” रिसेप्शनवाली इतक्या जोरात किंचाळली की शेजारच्या छत्रीखालचं म्हातारं जोडपं गाशा गुंडाळून निघालं. तिने मास्तरिणीच्या हातातली प्रत हिसकावली, धावत जाऊन समुद्रात भिरकावली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पुढची लाट आली आणि ती प्रत आणून नेमकी मास्तरिणीच्या पायाशी ठेवून गेली!

“वेडे, स्वतःच्या लिखाणाची एवढी लाज?” मास्तरिणीने ओली प्रत झटकली, लॅबवालीची कोरडी ओढून घेतली आणि पुढे वाचू लागली.

रिसेप्शनवाली वाळूत बसून पानं उलटण्याचे आवाज मोजत राहिली. आपल्या आईला हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा अकरा दिवस शाळा सुटल्यावर उशाशी येऊन बसणारी हीच. ते कादंबरीत कुठेच नव्हतं! चांगलं काही लिहावं असं सुचलंच नव्हतं. आता ही उठेल, बॅग भरेल, आणि उरलेल्या आयुष्यात फोन करायला एक लॅबवाली राहील, जी फोनवर फक्त हिमोग्लोबिन सांगते!

ऊन उतरलं तेव्हा मास्तरिणीने प्रत मिटली.

“एक बोलू?”

“बोल,” रिसेप्शनवालीने डोळे घट्ट मिटले.

“‘मास्तरिणीने’मधली रि सगळीकडे ऱ्हस्व! शाबास! बाकी शुद्धलेखनाचा आनंदच आहे. आणि ती नर्स फार आवडली बाई! येते, बसते, जाते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्यावरूनच घेतलीस ना?”

लॅबवालीला खोकल्याची उबळ आली आणि ती थेट पाण्यात शिरली.

“आणि ती मेली चहाडखोर मास्तरीण म्हणजे आमची गणिताची! हुबेहूब उतरवलीस! चार पानांचे फोटो आत्ताच शाळेच्या ग्रुपवर टाकले. म्हटलं, ओळखा पाहू कोण!”

“ग्रुपवर? ती गणिताची आहे त्यात?”

“आहे की! कळू दे तिला!”

तेवढ्यात फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. मास्तरिणीने हसत हसत वाचायला घेतलं, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. चौदा जणींचं एकच उत्तर होतं: ‘अगं, तूच!’ गणिताचीने तर पुढे लिहिलं होतं: ‘पुस्तक आलं तुझ्यावर, अभिनंदन!’

मास्तरिणीने मिटलेली प्रत पुन्हा पान नऊवर उघडली.

“मी?” मास्तरिणीने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

रिसेप्शनवालीला खोटं बोलायचं होतं. तोंड उघडलं, खोटं आलंच नाही. “तू. नर्स पण तूच. नाव बदलायला गेले, ते अर्धंच बदललं.”

“बघवत नाही मला कोणाचं बरं झालेलं?”

“...कधी कधी.”

मास्तरिणीने पदराने चष्मा पुसला. डोळेही पुसले. आता उठणार, बॅग भरणार! मास्तरीण उठली, तडक खोलीत गेली आणि परत आली ती कोरी वही अन् पेन घेऊन! दोन्ही रिसेप्शनवालीच्या मांडीवर आदळली.

“लिही!”

“काय?”

“अकरावं प्रकरण. मथळा: रिसेप्शनवाली. बावीस वर्षं मी पण ऐकतेच आहे! पहिलं वाक्य घे: ‘रिसेप्शनवालीने नवऱ्याला सांगितलं की दवाखान्यात जास्तीचं काम आहे, आणि...’”

गळ्यापर्यंत पाण्यात असलेली लॅबवाली धावत काठावर आली.

रिसेप्शनवालीने पेनाचं टोपण काढलं.

“नाव... नाव बदलू का गं?”

“खबरदार!”