सासऱ्यांपेक्षा मोठा स्कोप

क्लबच्या टीममध्ये जागा उरली एक आणि नेमबाज उरले दोन, तेही कोण, तर जावई आणि सासरे! आता बोला! रविवारी फैसला. म्हणून जावई आदल्या दिवशी तडक बंदुकीच्या दुकानात, बावीस बोअरच्या रायफलीला स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, घ्यायला.

"मारणार किती लांबून?" दुकानदाराने विचारलं.

"पन्नास मीटर."

"मग हा न्या. छोटा, हलका, तेवढ्याच अंतराचा."

"असला सासऱ्यांकडे आहे. याहून मोठा काढा."

मोठा निघाला. जावयाने तो दारातून बाहेर रोखला, तर पार तिकडच्या पाण्याच्या टाकीवरच्या कावळ्याचं बुबुळ दिसलं!

"अहो, तो फार लांबच्या—"

"बांधा!"

घरी आल्यावर स्कोप रायफलीवर बसेना, भिंग नळीला टेकायला लागलं. मग तो धरायला उंच क्लॅम्प आणले. मग स्कोप इतका वर गेला, की गाल दस्त्याला टेकवला की समोर नुसता क्लॅम्प. मग दस्त्याला बाळाची उशी बांधली. मग बाळाने घर डोक्यावर घेतलं.

"माझ्या बाबांना हरवायला बाळाची उशी पळवलीस?" बायको म्हणाली. "लाज वाटते का काही?"

रविवारी दोघं शेजारीशेजारी पालथे पडले. जावयाने स्कोपला डोळा लावला. टार्गेटांमागच्या बांधावरचं गवत लख्ख, पण टार्गेट म्हणजे नुसता काळा डाग, आणि कुठलं आपलं ते सांगणारा वरचा नंबर तर धुक्यात गेलेला.

"काय जावईबापू, दिसतंय ना?"

"मुंगीसुद्धा दिसतेय, बाबा!"

आता असं म्हटल्यावर विचारणार कुणाला? सापडला त्या डागावर त्याने धडाधड गोळ्या घातल्या. डाग अंधुक असला तरी हात पक्का होता.

टार्गेटं आली. जावयाचं कोरं करकरीत! आणि सासऱ्यांच्या टार्गेटवर भोकंच भोकं, मोजली तर दुप्पट, त्यातली निम्मी तर अगदी मधोमध.

पंच डोकं खाजवत म्हणाले, "कुठलं भोक कुणाचं कळत नाही. आपला नियम आहे, अशा वेळी ज्याचं टार्गेट, त्याच्या नावावर चांगली तेवढी धरायची. टीममध्ये सासरे!"

जावई स्कोपकडे बघतच राहिला. सासऱ्यांनी शांतपणे उशी सोडवून त्याच्या हातात दिली.

"ही बाळाला परत करा. स्कोप मात्र विकू नका हं, जावईबापू. पुढच्या वर्षीही माझ्या शेजारीच पडायचं!"