भोपळ्याला पहिली सुरी

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली की माझी बायको मृणाल पांघरुणातूनच म्हणायची, "ऊठ, तुझा भोपळा आला." दार उघडावं तर समोर शकू अक्का उभ्या. कडेवर चांगला दांडगा लाल भोपळा, उजव्या हातात सुरी, पायांत लोकरी मोजे आणि मोज्यांवर चपला. सकाळी सकाळी हातात सुरी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईंना काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण अक्कांना उत्तराची अपेक्षाच नसायची. "निखिल, स्वल्प ये की. पहिली सुरी लावायची आहे," एवढं सांगून त्या वळायच्या आणि मी डोळे चोळत त्यांच्या मागून चालू लागायचो.

बंगळूरला येलहंकातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमचं भाड्याचं घर आणि अक्कांचं स्वतःचं घर समोरासमोर होतं. अक्का मूळच्या निपाणीच्या. शिकायला म्हणून बंगळूरला आल्या आणि एका सरकारी प्रयोगशाळेत धातू तापवायच्या भट्ट्यांवर नोकरी करून तिथूनच रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "भट्टी चालू ठेवून मांडवात कशी जाणार होते?" विचारणारा हसायचा आणि विषय बदलायचा.

तर पहिल्या सुरीचं असं होतं. अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसानं आधी सुरी लावायची नाही, पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग पुढचं बाईनं चिरलं तरी चालतं. त्यांच्याकडे तशी पद्धत होती म्हणे. आमच्या आजोळीही असलं काहीतरी होतं, त्यामुळे मला फार नवल वाटलं नाही. मृणालला मात्र वाटलं. भोपळ्याला बाई आणि बुवा कसे कळतात, असं तिनं अक्कांना तोंडावर विचारलं होतं. अक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं, "सरी", म्हणजे कन्नडमध्ये बरं, म्हणाल्या आणि सुरी माझ्याच हातात दिली.

यावरून बाई देवभोळ्या असतील असं वाटेल, पण तसं अजिबात नव्हतं. दसऱ्याला अख्खं बंगळूर आपापल्या गाड्यांपुढे कोहळे फोडतं. अक्का दुसऱ्या दिवशी हातात झाडू घेऊन गल्लीत उतरायच्या आणि कोहळ्याच्या चिखलावरून स्कूटर घसरली तर तुमची पूजा हाड जोडणार आहे का, असं प्रत्येकाला कन्नडमध्ये विचारायच्या. प्रयोगशाळेत भट्टीला हळदकुंकू लावायला आलेल्या साहेबांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. अशी बाई भोपळ्यापुढे हात टेकते याची आम्हा नवरा-बायकोला मोठी गंमत वाटायची. माणूस कितीही शिकला तरी कुठंतरी एक कोपरा राहतोच, असं मी मृणालला फार समजूतदारपणे सांगायचो.

खरी अडचण माझी होती. मला भोपळा कापता येत नाही. त्यात अक्कांची ती सुरी इतकी बोथट, की भोपळ्यात शिरायची आणि तिथंच मुक्काम करायची. मग मी दोन्ही हातांनी जोर लावणार, अक्का "घाई नको, स्वल्प थांब" म्हणत चहा टाकणार. चहा झाला की पुन्हा सुरी. तोवर उप्पीट तयार. उप्पीट होतंय तोवर आमची सई बाबाला शोधत यायची, सईला शोधत मृणाल यायची, आणि भोपळा दुभंगेपर्यंत आमचं अख्खं घर अक्कांच्या ओट्याभोवती गोळा झालेलं असायचं. बाजारात कापलेली फोड मिळते, ती का घेत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. कापलेल्या भोपळ्याचा ओलावा उडतो, तो बेक करायला चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. उष्णतेच्या बाबतीत अक्कांशी कोण वाद घालणार?

हे बेक करण्याचं प्रकरण सईमुळे सुरू झालं. आमची कन्या तेव्हा भाजी म्हणून खात नव्हती. फक्त पांढरा पास्ता. हे कळल्यावर अक्कांनी तिच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं आणि ट्रायल घ्यायचं ठरवलं. भोपळ्याच्या फोडी आणि अख्खा लसूण तेल लावून भट्टीत भाजायचा. घरच्या ओव्हनलाही त्या भट्टीच म्हणायच्या, आणि त्याची डायल खोटं बोलते म्हणून आत वेगळा तापमापक ठेवायच्या. कडा काळसर झाल्या की सगळं कुस्करून त्यात दूध, चीज, मिरपूड आणि किंचित जायफळ घालायचं. त्यात जरा कच्चाच उकडलेला पास्ता कालवायचा, वरून कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीतल्या टोस्टचा चुरा आणि लोण्यात कुरकुरीत केलेला कढीपत्ता पसरायचा आणि पुन्हा आत सरकवायचं.

कसं झालंय, असं त्या कधी विचारायच्या नाहीत. "रीडिंग काय?" असं विचारायच्या, आणि दहापैकी आकडा सांगायचा. सईनं पहिल्यांदा तोंड वाकडं करून "दोन" सांगितलं. मृणाल ओशाळली, पण अक्कांना राग आला नाही. दोन का, एवढंच त्यांनी विचारलं. गोड लागतंय, असं सई म्हणाली. पुढच्या रविवारी ब्याडगी मिरची भिजवून, वाटून आत गेली. मग कधी लसूण वाढला, कधी जायफळ कमी झालं. आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी, बाहेर बारीक पाऊस आणि बोचरी थंडी असताना, सईनं ताटली पुढे केली आणि आणखी मागितलं. अक्का उठून स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, भट्टीच्या धगीनं डोळ्यांतून पाणी येतं.

त्यानंतर काही वर्षं आमचे रविवार असेच गेले. कधी कंटाळा यायचा, कधी झोप मोडल्याची चिडचिड व्हायची, पण बेल वाजली की मी जायचो. पद्धतच होती ना त्यांची. पुरुषमाणूस म्हणून माझा इतका मान आमच्या घरात कधी झाला नव्हता.

मग पुण्याला जायचं ठरलं. तिकडे बाबांची तब्येत खालावलेली, आणि कंपनीनं पुण्याच्या ऑफिसात जागा दिली. अक्कांना सांगायला मी दोन दिवस टाळाटाळ केली. शेवटी मृणालनंच सांगितलं. अक्का "सरी" म्हणाल्या, आणि फ्रीज हलवायच्या आधी आदल्या रात्रीपासून बंद ठेवा, उघडून वाळवा, असलं काहीबाही सांगत राहिल्या. आमचं जाणं त्यांना लागलं की नाही, काही कळेना. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी असा प्रचंड भोपळा आणला, की तो फुटेपर्यंत दुपारचे दोन वाजले.

निघायच्या दिवशी घरात पॅकर्सची धांदल होती. घरमालकाची किल्ली अक्कांकडे ठेवायला म्हणून मी समोर गेलो. दार नेहमीप्रमाणे लोटलेलं होतं. अक्का ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. पुढ्यात एक भोपळा. खाली ओला पंचा, म्हणजे तो डुगडुगू नये. हातात एक रुंद पात्याची सुरी, जी मी कधी पाहिलेली नव्हती. त्यांनी देठाच्या बाजूला टोक खुपसलं, तळहातानं मुठीवर एक ठोका दिला, भोपळा फिरवला, आणि त्याचे दोन तुकडे झाले. चहाचं आधण उकळायच्या आत.

त्या वळल्या आणि मला पाहून थबकल्या.

"तुमच्या प्रवासाला डबा करावा म्हटलं," त्या म्हणाल्या. "तू आज गडबडीत. म्हणून हाक मारली नाही."

"अक्का, तुम्हाला कापता येतो की."

"येतो की. न यायला काय झालं? जन्मभर लोखंडाशी झटलेय."

"मग ती पद्धत?"

"पद्धत आमच्या आईची होती. माझी नाही."

त्या चमच्यानं बिया काढू लागल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "नुसतं ये म्हटलं तर किती दिवस आला असतास रे? एकदा आला असतास, दोनदा. मग तुझं ऑफिस, सईचा क्लास. काम आहे म्हटलं की माणूस येतो."

यावर तसं नाही हो अक्का, असं म्हणायची रीत आहे. माझ्या तोंडून ते निघालं नाही, कारण त्या म्हणत होत्या ते अगदी खरं होतं. मी स्टूल ओढून बसलो. खालून पॅकर्स हाका मारत होते, पण उठवेना.

फोडी ट्रेमध्ये मांडून झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "तुमच्या जागेत कोण येणार आता? बाप्या माणूस आहे काय कोण त्यांच्यात?"

घरमालकानं मला सांगितलेलं होतं. दोन मुली येणार होत्या, नोकरी करणाऱ्या, बंगळूरच्याच मारतहळ्ळीहून इकडे घर बदलून. मी तसं सांगितलं. अक्कांचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत मी त्यांना भट्टीपुढे, भांडणात, तापात पाहिलं होतं, पण अशा हवालदिल कधी पाहिलं नव्हतं. माझ्यानं ते बघवेना.

"त्यांना दुसरं काहीतरी सांगा," मी म्हणालो. "बरणीचं झाकण निघत नाही म्हणा. हातात जोर राहिला नाही म्हणा. येतील त्या."

अक्कांनी त्यावर खरोखरच विचार केला. ओव्हनचं दार उघडून आतला तापमापक पाहिला, ट्रे आत सरकवला, दार लावलं आणि मान हलवली.

"झाकण नको रे," त्या म्हणाल्या. "झाकण एका मिनिटात निघतं."